गाडीत आणि तंबूत दोन्हीकडे चालेल अशी गादी कोणती? (तातडीने मदत हवी)

मुक्कामपोस्ट
नमस्कार मंडळी. सध्या हवेची डबल गादी आहे. संध्याकाळी टणक भरली तरी पहाटे मऊ पडते, खुबा खाली टेकतो, पाठ गार पडते. भोक कुठेच सापडत नाही. आता ती बाद करायची आहे. काही रात्री गाडीत मागची सीट पाडून झोपायचं, काही रात्री तंबूत, आणि दोन्हीकडे तीच गादी हवी. पुढच्या आठवड्यात निघायचंय. नेमकं काय घेऊ तेवढं सांगा. योगाच्या पातळ चटया कृपया सुचवू नका.

मोजपट्टी
एवढ्यावरून कुणीच नेमकं सांगू शकणार नाही. हे आधी लिहा:
किती जण? कुशीवर झोपता की पाठीवर? रात्रीचं किमान तापमान किती?
सीट पाडल्यावर डिकीच्या दारापासून सीटच्या टोकापर्यंत लांबी किती? मागच्या दोन चाकांवरचे जे फुगवटे आत येतात, त्यांच्यामधलं अंतर किती? सपाट होते की उतार राहतो?
तंबू गाडीजवळच असतो की सामान उचलून न्यावं लागतं?

थंडहवा
गादी बाद करण्याआधी एक पाहा, भोक नसण्याचीच शक्यता जास्त आहे. संध्याकाळी ३० अंशांना भरलेली हवा पहाटे १० अंशांवर आली, तर निरपेक्ष तापमान ३०३ वरून २८३ वर येतं, म्हणजे साडेसहा टक्के घट. गादीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा मुळात काही टक्केच जास्त असतो, त्यामुळे तेवढ्या घटीत टणकपणा जवळजवळ संपतो. तोंडाने भरली तर श्वासाची हवा अंगाइतकी ऊबदार, ती अर्ध्या तासातच आकसते. त्यात पीव्हीसीची नवी गादी पहिले काही दिवस ताणली जाते.

खात्री करायची तर घरात, तापमान फारसं बदलत नाही अशा खोलीत टणक भरा आणि वर वजन ठेवून १२ तास सोडा. तिथे मऊ पडली नाही तर गळती नाही. मग उपाय एवढाच की संध्याकाळी भरलेली गादी झोपायच्या अगदी आधी पुन्हा भरून घ्यायची.

मुक्कामपोस्ट
@थंडहवा, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण रोज रात्री दोनदा पंप मारायची तयारी नाही, आणि पाठ गार पडते त्याचं काय?
@मोजपट्टी, दोघं. मी कुशीवर झोपते, नवरा पाठीवर. थंडी असते पण फार नाही. तंबू गाडीशेजारीच. गाडी मध्यम आकाराची आहे.

मोजपट्टी
"फार नाही" म्हणजे किती अंश? आणि "मध्यम" हे माप नाही. टेप घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. चुकीच्या रुंदीची गादी आणलीत तर फुगवट्यांवर तिच्या कडा वर उचलल्या जातील आणि दोघं मधल्या खळग्यात घसराल.

फोमनिष्ठ
हवेचा नादच सोडा. तीन घड्यांची फोमची गादी घ्या, १० सेंमी जाड, घनता ४० (म्हणजे घनमीटरला ४० किलो). खाली ७ सेंमी एचआर फोम (हाय रेझिलियन्स, दाबला की लगेच उसळणारा), वर ३ सेंमी मऊ फोम. दाब, झडप, पंप काही नाही. पसरली की झोपलं. कुशीवर झोपणाऱ्याचा खुबा आणि खांदा यात नीट बुडतात. २३ ते २८ घनतेचा फोम घेऊ नका, काही महिन्यांतच खुब्याखाली खळगा पडतो. दुकानदार "हार्ड" आणि "सॉफ्ट" सांगतो ती घनता नव्हे. घनता म्हणजे टिकाऊपणा, कडकपणा ही वेगळी गोष्ट. दोन्ही विचारा.

वरच्या थराला मेमरी फोम मात्र नको. थंडीत तो कडक होतो आणि अंगाची ऊब लागेपर्यंत फळीसारखा वाटतो.

रानवाट
@फोमनिष्ठ, फोम आरामाला उत्तम, पण आकारमान काढा. १९० × १२० × १० सेंमी म्हणजे २२८ लिटर. ४० घनतेने ९ किलो. दाबून लहान होत नाही. ज्या दिवशी गाडीत झोपायचं त्या दिवशी ठीक, पण प्रवासात दिवसभर हा गठ्ठा डिकीत, मग तंबू आणि बाकी सामान कुठे? शिवाय उघडा फोम तंबूच्या तळावरची ओल ओढून घेतो आणि दमट राहिला की वास धरतो.

धागाकर्तीला हवी ती सेल्फ इन्फ्लेटिंग गादी. आत मऊ फोम, बाहेर हवाबंद कापड. झडप उघडली की फोम फुलतो आणि हवा स्वतः आत ओढतो, वरून थोडीशी हवा आपण भरायची. गुंडाळली की उशीच्या दीड-दोनपट होते. फोममुळे आतली हवा फिरत नाही, म्हणून पाठ गार पडत नाही. तुमच्या आत्ताच्या गादीत मोठी मोकळी पोकळी आहे, तिच्यातली हवा वर-खाली फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीकडे नेते.

फोमनिष्ठ
वास धरतो तो खोळ नसेल तर. चेनची खोळ घाला, सकाळी गादी उभी करून ठेवा. आणि सेल्फ इन्फ्लेटिंग फाटली की खाली राहतो तो पातळ, भोकं पाडलेला फोम. त्यावर कुशीवर झोपून दाखवावं कुणी. माझ्या गादीला काटा लागला तरी रात्र जाते.

रानवाट
भोकं पाडलेला फोम असतो हे खरं. वजन कमी करायला आडवे पोकळ पट्टे कापतात, आणि त्याने ऊबही कमी मिळते. म्हणून जाडी पाहून फसू नये, आर व्हॅल्यू पाहावी. उष्णता किती अडते त्याचा तो आकडा. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं, तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. वर्णनात हे मानक लिहिलेलं असेल तरच दोन गाद्यांचे आकडे तुलनेला घ्या.

थंडहवा
+१. अंदाजासाठी: आत काहीच नसलेल्या हवेच्या गादीची आर व्हॅल्यू १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. उन्हाळी रात्रीला २ पुरते, १० अंशांच्या आगेमागे ३ ते ४, गोठणबिंदूच्या खाली ५ च्या पुढे. एकावर एक ठेवलेल्या थरांची आर व्हॅल्यू बेरजेने वाढते. १ सेंमीचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा ईव्हीए फोम खाली टाकला तर साधारण १ ते दीडची भर.

मुक्कामपोस्ट
मोजलं. डिकीच्या दारापासून सीटच्या टोकापर्यंत १६४ सेंमी. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या की मध्ये आणखी ३० सेंमी, पण तिथे पाय ठेवायची पोकळी आहे, खाली काही नाही. फुगवट्यांमध्ये १०२. त्यांच्या पुढे रुंदी १३२. पाडलेली सीट पुढच्या बाजूला थोडी चढते. रात्री ८ अंशांपर्यंत जातं. मी १६५ उंच, नवरा १७८.

टायरपंप
गादी कुठलीही घ्या, वेगळा पंप घेऊ नका. टायरचा छोटा कंप्रेसर असतोच, त्याला शंकूचं तोंड लावा.

थंडहवा
@टायरपंप, हे नका सुचवू. तो कंप्रेसर जास्त दाबाचा आणि कमी प्रवाहाचा. मिनिटाला ३० लिटर धरले तर ४०० लिटरच्या डबल गादीला सव्वातेरा मिनिटं, आणि बरेच छोटे कंप्रेसर १० मिनिटांनी थंड होऊ द्यावे लागतात. दुसरं, त्याचा काटा टायरच्या दाबासाठी असतो. गादीचा दाब एक पीएसआयच्याही खाली असतो, तो त्यावर दिसतच नाही. नजर हटली की आतले पडदे सुटतात आणि गादीवर मोठा फुगा येतो, जो दुरुस्त होत नाही. जास्त प्रवाह, कमी दाबाचा छोटा बॅटरी पंप किंवा पंप-पिशवी (तिच्यात हवा कोंडून ती दाबून गादीत ढकलायची) घ्यावी.

टायरपंप
लक्ष ठेवलं तर चालतं. सेल्फ इन्फ्लेटिंगला तर वरून १०-१५ लिटरच भरायचे असतात.

थंडहवा
तेवढ्यासाठी पंप-पिशवी दोनदा दाबली की झालं. तोंडाने भरणं मात्र टाळा, श्वासातली ओल आतल्या फोममध्ये राहते आणि बुरशी येते.

तळवस्त्र
तंबूच्या तळाखाली जे कापड टाकता ते तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी लहान हवं. बाहेर डोकावलं की पावसाचं पाणी त्यावर पडून थेट तंबूखाली जातं. बरेच जण मोठं ते चांगलं म्हणून मोठंच घेतात.

मोजपट्टी
@तळवस्त्र, गादीविषयी काही?
@मुक्कामपोस्ट, आता बोलता येईल. १०२ सेंमीत ६३ च्या दोन आयताकृती गाद्या बसणार नाहीत (१२६). तुमच्यापुढे दोन मार्ग. पहिला, ५१ सेंमीच्या दोन आयताकृती. १०२ ला १०२, म्हणजे कडा घासणार, आणि कुशीवर झोपणाऱ्याला ५१ अरुंदच पडते, गुडघा दुमडला की बाहेर. दुसरा, पायाकडे निमुळत्या होणाऱ्या दोन गाद्या. खांद्याशी ६३–६४, पायाशी ४५–४८. फुगवटे डिकीच्या दाराकडे आहेत, म्हणून पाय तिकडे करा. निमुळती बाजू फुगवट्यांमध्ये बसेल आणि रुंद बाजू १३२ मध्ये. सीट पुढे चढते म्हणताय, म्हणजे डोकं तिकडे हवंच. पण फुगवटे दारापासून किती आत येतात तेही मोजा आणि त्या जागी गादी किती रुंद आहे ते पडताळा. पोटरीच्या उंचीला अनेक निमुळत्या गाद्या ५० च्या पुढे असतात.

रानवाट
निमुळत्यांना माझंही मत. दोन सुट्या घेण्याची आणखी कारणं: दोघांचं वजन आणि सवय वेगळी, प्रत्येकाला हवा तेवढा दाब ठेवता येतो. एक जण वळला तरी दुसरा हलत नाही. एक गळली तर एकच जाते. मध्ये फट पडू नये म्हणून दोन्हींच्या खालून पट्टे बांधा, वर डबलची ताणती चादर घाला.

कुशीवर झोपणाऱ्यासाठी साडेसात सेंमीच्या खाली जाऊ नका. पाठीवर झोपणाऱ्याला ५ सेंमीही चालते, पण गाडीत दोन्ही एका पातळीत हव्यात, म्हणून सारख्याच घ्या. या जाडीला आर व्हॅल्यू ५ ते ६ मिळते, ८ अंशांना पुरून उरते.

फोमनिष्ठ
पोकळीचं काय? डोकं नेमकं तिथेच येतंय. माझी गादी स्वतःच्या कडकपणाने ३० सेंमी ओलांडते. हवेची तिथे घडी पडते.

मोजपट्टी
नाही ओलांडत. १० सेंमी फोम ३० सेंमी पोकळीवर डोक्याच्या वजनाला कदाचित धरेल, खांद्याच्या वजनाला वाकतोच. दोन्हींना खाली आधार लागतो. १२ मिमी प्लायची फळी, १३० × ४५ सेंमी, एक कडा सीटच्या टोकावर, दुसरी पोकळीत ठेवलेल्या डब्यांवर. आधारांमध्ये ६० सेंमीपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर १२ मिमी वाकते. फळीच्या कडा घासून गोल करा आणि वर ईव्हीए फोम चिकटवा, कारण गादीला भोक पडतं ते बहुतेक अशाच कडेने किंवा सीटबेल्टच्या बकलने. बकल पालथी करून झाका. डबे सीटच्या पातळीपेक्षा सेंटिमीटरभर खाली राहिले तर चालेल, वर आले तर मान अवघडते. आणि १६४ अधिक ३० म्हणजे १९४. बऱ्याच लांब गाद्या १९६ च्या असतात. १८३ ची घ्या, १७८ उंचीला पुरते.

मुक्कामपोस्ट
फळी करून घेते. पण १८३ मध्ये नवऱ्याची उशी कुठे?

मोजपट्टी
उशी गादीच्या टोकावर, तिचा मागचा भाग फळीच्या उरलेल्या ११ सेंमीवर. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच हवी, १० ते १२ सेंमी, म्हणजे मान सरळ राहते. पाठीवरच्याला त्याच्या अर्धी. गादी ७–८ सेंमी उंच आहे, म्हणून उशीचा जो भाग फळीवर येईल त्याच्याखाली तेवढी भर घाला.

छतावरचा
छतावरचा तंबू घ्या ना, गादी त्यातच येते. हा सगळा खटाटोप वाचतो.

रानवाट
गाडीच्या छताची चालत्या गाडीसाठीची भारक्षमता आधी पाहावी लागते, बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलो. तंबू आणि रॅक मिळून ती सहज ओलांडतात. आणि आठवड्याभरात निघायचंय, तेव्हा हा विषय इथे नको.

थंडहवा
@मुक्कामपोस्ट, गाद्या आल्या की त्याच दिवशी उघडा. नवीन गादीचा फोम महिनोन्महिने दाबलेला असतो, पहिल्यांदा झडप उघडी ठेवून रात्रभर सोडा, नाहीतर जेमतेम अर्धी फुलेल आणि खराब निघाली असं वाटेल. मग दाब असा ठरवा: टणक भरा, कुशीवर झोपा, खुब्याखाली हात सरकवा आणि झडपेतून थोडी थोडी हवा सोडत जा. खुबा बुडतोय पण हात आणि जमीन यात अजून दोनेक सेंमी अंतर जाणवतंय, तिथे थांबा. पाठीवरच्याचा दाब याहून थोडा जास्त लागेल, नाहीतर कंबर खचते.

दिवसा गादी गाडीत पसरलेलीच राहणार असेल तर झडप उघडी ठेवा. बंद गाडी उन्हात ६० अंशांच्या वर तापते, हवा फुगते, गोंद मऊ होतो, आणि कापड फोमपासून सुटतं. तिथे ठिगळ चालत नाही.

आणि गाडीत झोपताना समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन सेंमी खाली. दोघांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर आणि गादीच्या तळाला साठते. इंजिन चालू ठेवून किंवा शेगडी लावून अजिबात झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्कामपोस्ट
ठरलं. दोन निमुळत्या सेल्फ इन्फ्लेटिंग, साडेसात सेंमी, १८३ लांब, खाली फळी. फुगवटे दारापासून ७२ सेंमी आत येतात, तिथे गादीची रुंदी विचारून घेते. जुनी हवेची तंबूत वापरू का, की गाडीतल्याच रोज काढायच्या?

रानवाट
रोज काढा, दोन मिनिटांचं काम आहे. तंबूत खाली १ सेंमीचा ईव्हीए टाकाच, काटे-खड्यांसाठी. दुरुस्तीसाठी सोबत अल्कोहोलचा फडका, पॉलियुरेथेनचा गोंद आणि कापडाचं ठिगळ ठेवा. गादीचं कापड टीपीयूचं (पॉलियुरेथेनचाच एक प्रकार) असेल तर पीव्हीसीचा गोंद त्यावर धरत नाही. गोंद लावल्यावर रात्रभर हवा भरू नका. आणि गळतेय असं वाटलं तर साबणाचं पाणी सगळ्यात आधी झडपेवर लावा. रबराच्या कड्यावर वाळूचा एक कण अडकला तरी पुरतो.

मोजपट्टी
परत आल्यावर गुंडाळून ठेवू नका. पलंगाखाली पसरून, झडप उघडी. नाहीतर पुढच्या वेळी फोम फुलणार नाही. पायाकडच्या टोकापासून ७२ सेंमीवरची रुंदी कळली की इथे लिहा, मागवण्याआधी.