शिडाच्या बोटीत ९ लाख टाकू का?

धानवाला_पवनी
नमस्कार जी. पवनी तालुक्यात पाच एकर धान. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत गेलेल्या वावराच्या मोबदल्यातले ९ लाख पोस्टात आहेत. मुंबईचा साडू मागे लागून राहिला: शिडाची जुनी बोट ३६ लाखांत, चौघांत घ्यायची. गेटवेवरून पाहुण्यांना संध्याकाळी फिरवायचं, महिन्याला प्रत्येकी २५ हजार सुटतात म्हणे. "वारा फुकट, मंग खर्च कायचा?" मी आजवर बसलो तो वैनगंगेतल्या डोंग्यात. बायको म्हणते, आधी कोणाले तरी विचारा.

मूळगाव_लाखांदूर
भाऊ, मी सहा वर्षं अशाच बोटीवर खलाशी होतो. वारा फुकट आहे, पण हिवाळ्या-उन्हाळ्यात तो दुपारनंतरच नीट सुटतो. सकाळी गिऱ्हाईक आलं की शीड लटकते आणि डिझेल जळते. जून ते ऑगस्ट धंदा बंद. बोट मात्र बैलजोडीसारखी, औताले नसली तरी वैरण खातेच. क्रेननं बाहेर काढा, तळाले चिकटलेले शिंपले खरवडा, खास रंग मारा, नाही तर पुढच्या मोसमात चालच बसते. उन्हानं शिडाची शिवण आधी कुजते, मग कापड. वर तांडेलचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, पगार, उभी करायच्या जागेचं भाडं, विमा.

आमच्याकडे गर्दी शनिवार-रविवारचीच. नऊ महिन्यांत असे दिवस ७८. साडूच्या हिशेबानं चौघांचे वर्षाले १२ लाख. म्हणजे त्या प्रत्येक दिवशी खर्च जाऊन १५ हजारांवर उरले पाहिजेत. आमच्या मालकाले एकदाही उरलेले मी पाहिले नाहीत. आणि नोंदणीत तुमचं नाव येते का, हे विचारलं का?

डोंगेवाला_कुही
त्यापेक्षा आमच्या कुही तालुक्यात वैनगंगेवरच्या अंभोऱ्याले फायबरची लहान बोट टाका, पूल पाहायले लोक येतातच. शीड नको जी. पण एक त्रास आहे: नागपूरचं सांडपाणी नाग नदी, कन्हान करत इथं येते, त्यावर जलपर्णी माजते. इंजिनाच्या पंख्यात गुंतली की पाहुण्यांसमोर हात घालून काढत बसा. परवाना अन् लाईफ जॅकेटशिवाय मात्र कोणाले बसवू नका.

धानवाला_पवनी
साडूले फोन केला. म्हणे, "कागद माझ्या एकट्याच्या नावानं राहील, तुम्ही तं घरचेच." पैसे पोस्टातच राहू देतो. कुहीवाले भाऊ, दिवाळीनंतर तुमच्याकडे येतो. सध्या रोवणीले बायाच मिळून नाही राहिल्या.