एकाच पायाला सूज: तुमच्या घरचे अनुभव लिहा

दोन्ही पाय सुजले की लोक हृदय, किडनी तपासून घेतात. एकच सुजला की "लचकला असेल" म्हणत तेल गरम होतं. आमच्या वैनींचं तसंच झालं. सिझरनंतर बाराव्या दिवशी डावी पोटरी टणक, गरम लागायला लागली. मालीशवाल्या मावशी रोज यायच्याच. "जरा जोर लावा" असं आम्हीच त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सूज मांडीपर्यंत. बेळगावात डॉपलर सोनोग्राफी केली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी! ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं, हे ऐकून आईला घाम फुटला. आधी पोटावर इंजेक्शनं, मग 3 महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. बाळंतपणानंतरचे 6 आठवडे हा धोका जास्त असतो. बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखलं तर मिनिटभरही थांबू नका.

खानापूरहून: आमच्या बाबांना नट्टीच्या (भात लावणीच्या) दिवसांत हुडहुडी भरून ताप आला, उजवा पाय लालभडक. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या, तिथूनच जंतू शिरले. ॲडमिट करून अँटिबायोटिक द्यावं लागलं. साखर वाढलीय हेही तेव्हाच कळलं.

निपाणीहून: आई विड्या वळते, दिवसभर मांडी घालून बसणं. पोटरी अचानक सुजली, आम्हीही गुठळीलाच घाबरलो. डॉपलरमध्ये शिरा मोकळ्या निघाल्या. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. मूळ दुखणं गुडघ्याच्या झिजेचं.

चिकोडीहून: मावशीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं होतं. काही वर्षांनी डावा पाय जड व्हायला लागला. आजार उलटला की काय म्हणून स्कॅन केला, तसं नव्हतं. लसिकेची, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणारी, वाट बंद झाली होती. आता घट्ट मोजा घालतात, पायाला जखम होऊ देत नाहीत.

संकेश्वरहून: काका कलबुर्गीकडे नोकरीला होते, त्यांना हत्तीरोग. तपासणीचं रक्त रात्री घेतात, कारण जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवल्यापासून तापाचे झटके कमी झालेत.

हुक्केरीहून: माझ्या सासूबाईंची पोटरी कालपासून सुजलीय. डॉपलरला उपाशी जावं लागतं का?

— नाही हो ताई, पायाच्या डॉपलरला लागत नाही. चोळणं बंद करा आणि आजच घेऊन जा. काय निघालं ते इथं कळवा.