सायकलचा दिवा दिघ्याजवळ दगा देतो. नवा कोणता घ्यावा?

दुसरीपाळी (रात्री 12:50)

नमस्कार मंडळी. आत्ताच घरी आलोय, आमटी गरम होतेय, तेवढ्यात लिहून टाकतो.

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो, साडेअकराला सुटका. घर कळव्यात. आता कोणी म्हणेल ट्रेनने जा. पण ट्रान्सहार्बरची गाडी कळव्याला थांबतच नाही, दिघ्यावरून थेट ठाणे. मग ठाण्याला पूल चढा, उतरा, स्लो लोकल पकडा आणि एक स्टेशन मागे या. त्यापेक्षा सायकल बरी. रबाळे, ऐरोली, दिघा, विटावा, कळवा. आठ-नऊ किलोमीटर, पस्तीस-चाळीस मिनिटं, शिवाय डोकं शांत होतं ते वेगळंच.

भानगड दिव्याची आहे. ऑनलाइन साडेसहाशेला घेतलाय, खोक्यावर 1200 लुमेन (म्हणजे उजेडाचं माप) आणि सहा तास असं छापलंय. एका महिन्यात तीनदा चालत्या सायकलीवर विझला. परवा दिघ्याच्या पुढे गतिरोधक उतरलो आणि समोर काळोख. मागे कंटेनर होता, त्याच्याच उजेडात बाजूला झालो. बटण दाबलं तर लगेच पेटला, जणू काही झालंच नाही. पाऊस भुरभुरत होता, म्हणजे आत पाणी गेलं असणार असं वाटतंय.

मागे सायकलसोबत आलेला चपट्या सेलचा लाल दिवा आहे. पुढचा-मागचा मिळून बजेट अडीच हजार. लुमेन किती पाहिजेत? वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय बघायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि टाकता टाकता विझू नये.

पामबीच_पहाट

लुमेन वाढवा, विषय संपला. माझ्याकडे 1600 वाला आहे, पहाटे साडेचारला वाशीहून निघतो ते किल्ला जंक्शनपर्यंत दिवस उजाडल्यासारखं दिसतं. ब्लिंकवर ठेवला की समोरचे आपोआप बाजूला होतात. अडीच हजारात मात्र मिळणार नाही, थोडे पैसे साठवा.

सोल्डरकाका

पामबीच, रागावू नका, पण समोरचा बाजूला होतो तो डोळे दिपल्यामुळे. डोळे दिपलेला माणूस आपल्याला चुकवेलच असं कुठे आहे? शिवाय पामबीचवर पथदिवे आहेत, रस्ता गुळगुळीत आहे. दिघा-विटाव्याची गोष्ट निराळी.

आता दुसरीपाळी, तुमच्याकडे वळतो. कोपरखैरण्यात तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे दिवा विकत घेण्याआधी तो का मेला हे मला कळावं लागतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय, गतिरोधक उतरलो आणि विझला, बटण दाबलं की पेटला. पाणी शिरलेली वस्तू अशी शहाण्यासारखी वागत नाही. ती आधी लुकलुकते, मंद होते, नाहीतर वाळेपर्यंत पेटतच नाही. तुमच्या दिव्यात सेल बाहेर काढता येतो का? येत असेल तर दोष स्प्रिंगचा. धक्क्याने सेल क्षणभर मागे सरकतो, संपर्क तुटतो, आतलं सर्किट बंद होतं आणि बंदच राहतं. पूर्वी ट्रान्झिस्टरला थाप मारली की आकाशवाणी लागायची, तोच प्रकार उलटा. आधीच्या दोन वेळाही आठवून बघा, पाऊस होता की खड्डा होता.

खोक्यावरच्या आकड्यांचा हिशोब घरीच होतो. सेलवर किती एमएएच, म्हणजे विजेचा किती साठा, लिहिलंय ते बघा. समजा 1200 आहे. 1.2 गुणिले 3.7, म्हणजे जेमतेम साडेचार वॅट-अवर. चांगली एलइडी एका वॅटमागे साधारण शंभर-सव्वाशे लुमेन देते, म्हणजे 1200 लुमेनला दहा-बारा वॅट हवेत. साडेचार भागिले दहा. अर्धा ताससुद्धा नाही. मग सहा तास आले कुठून? एक पळवाट तर नियमातच आहे. टॉर्चच्या एएनएसआय एफएल 1 या मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. 1200 चे 120 झाले तरी घड्याळ चालूच. आणि स्वस्त मालाला तेवढीही शिस्त नसते.

सेलवर 9900 एमएएच दिसलं तर हसून परत ठेवा. 18650 मापाचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा सेल आजही साडेतीन-चार हजारांच्या आसपासच थांबतो. अस्सल सेल 45 ग्रॅमच्या आगेमागे भरतो. मी एकदा एक सेल वाण्याच्या काट्यावर ठेवला, तर तो निम्मासुद्धा भरला नाही. वाणी म्हणाला, काका, सोनं विकताय का?

तुमच्या वेगाला किती उजेड हवा? ताशी 20 म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, वर थांबायला जागा. वीस मीटर नीट दिसले की पुरे. 300-400 खरे लुमेन, पण झोत रस्त्यावर पडणारा हवा. जर्मनीत सायकलच्या दिव्याला मान्यता लागते. मोटारीच्या डिपरसारखी त्याच्या झोताला वर कड असते, वरचा उजेड कापलेला, आणि लुकलुकणारा दिवा चालत नाही. तसा झोत असलेले दिवे आपल्याकडेही मिळतात. पैसे द्यायचे तर त्याला द्या. घरी भिंतीवर मारून बघा, वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसली पाहिजे.

पावसाबद्दल. आयपीएक्स हा पाणी सोसण्याचा दर्जा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे सोसतो. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तुम्हाला 4 चालेल, 5-6 मिळाला तर उत्तम, 7 फक्त विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं त्या दिवशी लागेल, आणि त्या दिवशी तुम्ही तिथून जाऊच नका. पण हे आकडे चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असताना. निम्मे दिवे झाकण उघडं राहून मरतात. ओल्या दिव्याला वायर लावू नका, आधी पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा.

आणि ओल्या डांबरावर दिवा कमी वाटला तर त्याला शिव्या घालू नका. पाणी उजेड पुढे परतवतं, तुमच्याकडे येतच नाही. चकाकणारा सपाट तुकडा दिसला की तो खड्डा समजायचा.

ट्रेलर_उरण

सायकल चालवत नाही, 40 फुटी ट्रेलर चालवतो, न्हावा शेवाहून. रात्री या रोडवर असतो म्हणून लिहितो.

पुढचा दिवा तुमच्यासाठी. आम्हाला मागचा दिसला पाहिजे. आणि तो नेमका नसतो, नाहीतर रेनकोटच्या शेपटीखाली नाहीतर डब्याच्या पिशवीमागे. कोणाकोणाचा तर आभाळाकडे तोंड करून असतो. बारीक लाल टिपका एकटाच लुकलुकत असला तर किती लांब आहे कळत नाही, स्कूटर आहे का बॅरिकेडचा दिवा आहे तेही नाही. सगळ्यात आधी काय कळतं सांगू? पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर. वर-खाली, वर-खाली होतात. लगेच समजतं, माणूस आहे, सायकल आहे. मोठ्या पेडलवाल्यांनी ते काढून टाकलेत, चूक आहे.

आणि सिग्नलला आमच्या डाव्या दरवाजाजवळ येऊन उभे राहू नका. तिथे कितीही दिवे लावा, केबिनमधून दिसत नाही. मागे थांबा.

खारघर_चढण

ट्रेलरभाऊंना हजार मोदक. मी घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टा बांधते, तोही असाच वर-खाली होतो. चपट्या सेलच्या दिव्याबद्दल एक: तो इतका सावकाश मंद होतो की पत्ताच लागत नाही, कारण मागचा दिवा आपल्याला कधी दिसतच नाही. माझा कितीतरी दिवस निखाऱ्यासारखा मिणमिणत होता, मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं. आता मागे दोन लावते. एक स्थिर, एक लुकलुकणारा. दोन्ही एकाच रात्री जाणार नाहीत असा हिशोब, आणि चार्जिंगचे वारही वेगळे ठेवलेत.

दुसरीपाळी (बारा दिवसांनी)

उशीर झाला, मधे पाळी बदलली होती.

काका, स्प्रिंगच. सेल काढला तर स्प्रिंग आत दबून बसलेली, टोकाला काळा डाग. आठवून पाहिलं, तिन्ही वेळा खड्डा नाहीतर गतिरोधक. पाऊस एकदाच होता. सेलवर 1200 एमएएचच लिहिलंय, तुम्ही कसं ओळखलंत? तोच दिवा लावून घड्याळ धरलं. फुल पॉवरवर पंचवीस मिनिटांत मलूल. म्हणजे रबाळ्याहून निघालो की विटाव्यापर्यंत नुसती इभ्रत राखत होता.

नवा घेतला तो 400 लुमेनचा, सेल आत कायमचा बसवलेला, टाइप-सी, आयपीएक्स 6, झोताला वर कड आहे. सतराशे. मागे साडेतीनशेचे दोन. एक सीटपोस्टला, एक कॅरिअरच्या मागच्या पट्टीला, म्हणजे डब्याची पिशवी आडवी येत नाही. आईला रस्त्यावर उभं करून पन्नास पावलांवरून दाखवलं. ती म्हणाली, खालचा दिसतो, वरचा तुझ्या शर्टाने झाकला. मग वरचा दोन बोटं खाली घेतला.

पेडल बदलून रिफ्लेक्टरवाली जुनी परत लावली. काल दिघ्याला एक ट्रेलर बराच वेळ मागे राहिला, मग पूर्ण लेन सोडून गेला. ट्रेलरभाऊ, तुम्ही होतात का?

ट्रेलर_उरण

काल सुट्टी होती. पण जो कोण होता त्याला माझा नमस्कार.

सोल्डरकाका

छान. जुना टाकू नका. पक्कडीने स्प्रिंग अलगद ताणा, काळा डाग खोडरबराने घासा.

दुसरीपाळी

केलं, काका. आता तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. रात्री लाइट गेली की आई तोच काढते. तिथे गतिरोधक नाहीत.