मदत हवी: अँटिबॉडीचा तुकडा लावूनसुद्धा टी-पेशी (प्रतिकारशक्तीची पांढरी पेशी) गप्प का बसत नाही? (परवा सेमिनार!)

निपाणीचा_पोर: परवा सकाळी बेळगावीत सेमिनार हाय. टी-पेशीवरचा रिसेप्टर (खूण घेणारा भाग) बंद करायला अख्खी अँटिबॉडी नको, तुकडा वापरायचा, एवढं कळलंय. मग सरांच्या स्लाइडवर तुकडा घातल्यावर टी-पेशी जाग्या कशा झाल्या? चिकटायचं टोक तर तेच की! व्हिडिओच्या लिंका नकोत, बघून डोकं उठलंय.

टिळकवाडी_काका: कुठला रिसेप्टर? आजार कुठला? निम्मं पोटात ठेवून विचारलंस तर सांगणार कोण? आणि बेळगावी काय, बेळगाव म्हण की.

निपाणीचा_पोर: सीडी-२८ हो काका. र्‍हुमॅटॉइड संधिवात. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते तो. वाटलं कळेल सगळ्यांना.

घटप्रभेकाठची: संधिवात ना? आमच्या सासूबाईंना निर्गुडीचा पाला गरम करून बांधतो. चांगला गुण आहे.

खानापूर_लॅब: ताई, पाला जरा बाजूला ठेवा, पोराला मार्क पाहिजेत. बघ रे, टी-पेशीला जागं व्हायला दोन खुणा लागतात. एक अँटिजेनची. दुसरी सीडी-२८ ला, समोरच्या पेशीवरच्या सीडी-८० आणि ८६ कडून. दुसरी अडवायची म्हणून हा खटाटोप. पण अख्ख्या अँटिबॉडीला चिकटायचे हात दोन. तिनं दोन सीडी-२८ एकत्र ओढले की पेशीला वाटू शकतं, खूण मिळाली. फॅब म्हणजे एकच सुटा हात. तो जागा अडवून बसतो, ओढत नाही. आता सांग, तुकडा कशानं पाडलाय?

निपाणीचा_पोर: पेप्सिन लिहिलंय, प्रोटीन कापणारं एन्झाइम. त्यानं काय होतंय?

खानापूर_लॅब: मग हे आधी सांगायचं की रे! पपेननं कापलं की दोन सुटे हात आणि एक शेपूट. रॉडनी पोर्टरनी १९५९ मध्ये तेच केलं. पेप्सिन बिजागरीच्या खाली कापतं. शेपूट जाते, हात जोडलेलेच राहतात. म्हणून तुझा तुकडा दोन सीडी-२८ ओढू शकतो, पेशी जागी.

टिळकवाडी_काका: २००६ ला लंडनमध्ये सहा जणांना सीडी-२८ चीच अँटिबॉडी टोचली होती. सहाही अतिदक्षता विभागात. दोन हातांचा प्रताप!

खानापूर_लॅब: काका, अर्धवट नको. ती पेशी जागी करायलाच बनवलेली, बसायची जागाही वेगळी.

घटप्रभेकाठची: पपेन म्हणजे पपईतलं का? मटण शिजायला कच्ची पपई घालतो, ते?

खानापूर_लॅब: तेच.

हुक्केरी_मेडिकल: एवढं कशाला? अबाटासेप्ट हे संधिवाताचं औषध आहे की, अमेरिकेत २००५ पासून.

खानापूर_लॅब: ते सीडी-८० आणि ८६ वर बसतं. टी-पेशीचा ब्रेक सीटीएलए-४, तोही तिथंच लागतो, मग तोही अडतो. फॅब सीडी-२८ वर बसला तर ब्रेक मोकळा. पोरा, हे बोल परवा. फॅब लहान, मूत्रपिंडातनं लवकर निघून जातो, म्हणून त्याला पेग (एक लांब रासायनिक साखळी) जोडतात, तेही सांग.

निपाणीचा_पोर: मग स्लाइड चुकली म्हणू सरांना? इंटर्नल त्यांच्याच हातात हाय.

टिळकवाडी_काका: चुकली म्हणू नकोस. "सर, हा एक हाताचा का दोन हातांचा?" एवढंच विचार.

घटप्रभेकाठची: पाल्यात थोडा पपईचा चीक घालून गुडघ्याला बांधला तर?

खानापूर_लॅब: अजिबात नको, कातडी भाजेल! सासूबाईंना मिरजेला दाखवलंय का आधी?