दोन काळांतल्या मुष्टियोद्ध्यांची लढत: 'काल्पनिक' की आणखी काही?

रेघोटी: बॉक्सिंगवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो यांची एक लढत १९७० साली चित्रपटगृहांत दाखवली गेली. मार्सियानो १९५६ मध्येच ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला, अलीवर तेव्हा बंदी. १९६९ मध्ये दोघांना रिंगमध्ये उतरवून कॅमेऱ्यासमोर खेळवलं, शेवट निरनिराळे चित्रित केले आणि निकाल संगणकावर सोपवला. संगणक म्हणाला, तेराव्या फेरीत मार्सियानो नॉकआउटने जिंकेल. मी 'काल्पनिक लढत' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: दोघं खरोखर समोरासमोर होते, मग काल्पनिक कसली? त्याच लेखात पुढे जॅक जॉन्सन विरुद्ध माइक टायसन आहे. जॉन्सन १९४६ ला गेला, टायसन १९६६ चा. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवा आहे.

मूठभर: पहिलीला 'लुटुपुटूची लढत'. आम्ही भावंडं गाद्यांवर खेळायचो ती. ठोसा यायचा, पण लागायचा नाही.

तत्सम: लुटुपुटूच्या लढाईत कोणी हरायचं ते आधी ठरलेलं असतं. इथे निकाल दोघांनाही ठाऊक नव्हता. मार्सियानो तर चित्रपट लागण्याआधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, विमान अपघातात गेला. आपण जिंकलो हे त्याला कळलंच नाही. त्याला लुटुपुटू म्हणणं मला पटत नाही.

डावखुरा: नुरा कुस्ती?

तत्सम: नुरा म्हणजे आतून संगनमत, बाहेर लोकांची फसवणूक. इथे संगणकाचं सांगूनच तिकिटं विकली होती.

आखाडा: कुस्तीवाल्यांचा शब्द आहेच की, 'जोड'. माझे आजोबा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या होऊन गेलेल्या मल्लांच्या जोडी लावायचे. चुलते एकाची बाजू घ्यायचे, आजोबा दुसऱ्याची. 'काल्पनिक' हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नाही. 'अली-मार्सियानो जोड' लिहा.

तत्सम: जोड बरोबरीच्यांची लावतात. वजन बघतात, उमेद बघतात. ज्याला जोड नाही तो अजोड, बेजोड. मार्सियानो १८५ पौंडांच्या आसपास लढायचा, नंतरच्या काळातला विजेता लेनॉक्स लुईस पुढे पुढे २४० च्या वर. आजच्या नियमांत २०० पौंडांपर्यंतचा क्रूझरवेट असतो, म्हणजे मार्सियानो हेवीवेट या सर्वांत जड गटात धरलाही जाणार नाही. ही जोड कुठला पंच लावेल? माझा शब्द: 'भिन्नकालीन मुष्टिद्वंद्व'.

मूठभर: मुष्टिद्वंद्व वाचून वाली-सुग्रीव डोळ्यांपुढे येतात. सगळे बॉक्सिंग म्हणतात, बॉक्सिंगच लिहा.

तत्सम: तुमच्या नावातली मूठ 'मुष्टी'चीच आहे. रोज वापरता तो शब्द थोडा जुन्या रूपात आला की लगेच परका?

मूठभर: परका नाही, जड. मराठी वाचक अडखळला की लेख बंद करतो. आणि 'बेजोड'चा 'बे' फारसी आहे. तो चालतो, मग बॉक्सिंगने काय घोडं मारलंय?

रेघोटी: बॉक्सिंगच ठेवते आहे. पण वजनाचा विषय निघालाच आहे तर 'पाउंड फॉर पाउंड' कसं करावं? शुगर रे रॉबिन्सनसाठी आलंय. मी 'वजनाच्या मानाने सर्वश्रेष्ठ' केलंय.

आखाडा: ते काढाच. 'वयाच्या मानाने बरं धावतो' म्हणतो ना आपण, तसं वाचलं जातं. मूळ कौतुक नेमकं उलटं आहे: वजन बाजूला ठेवलं, सगळ्यांना एकाच मापात आणलं, तरी हा वरचढ. 'वजनाचा भेद सोडून सर्वश्रेष्ठ' असं काही करा. आणि तीच चूक काळाबद्दल होते. 'त्या काळाच्या मानाने मार्सियानो भारी' हे कौतुक नाही, सूट दिल्यासारखं आहे.

डावखुरा: सूट द्यावीच लागेल. त्याचे हात अलीपेक्षा जवळजवळ १० इंचांनी तोकडे. १९६६ च्या अलीच्या जवळ तो पोचणार कसा?

आखाडा: तेव्हाचा जगज्जेता वॉलकॉट, त्याच्याजवळ पोचला तसा. १९५२, पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे गुणांत मागे. तेराव्यात एक आखूड उजवा ठोसा, आणि वॉलकॉटचा डावा हात दोरात अडकून तो गुडघ्यावर बसला. संगणकानेही तेरावीच फेरी सांगितली, ते उगाच नाही.

डावखुरा: म्हणजे आज बारा फेऱ्यांच्या नियमात तो हरला असता. आधी फेऱ्या किती ते ठरवा.

रेघोटी: लेखात पंधरा आहेत. पण शब्दाचं काय? 'जोड' आणि 'काल्पनिक लढत' यांतच अडकले आहे.

आखाडा: पंधरा असतील तर मार्सियानो. दमाला तोड नाही.

मूठभर: १९७५ ला मनिलात अली चौदा फेऱ्या फ्रेझरशी भिडला आणि पंधरावीसाठी फ्रेझरलाच त्याच्या प्रशिक्षकाने उठू दिलं नाही. मग दम एकट्या मार्सियानोचा कसा?