‘कृत्रिम सूर्या’च्या बातम्यांतले आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

जिज्ञासू यांचा प्रश्न

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने अणुसंमीलनातून (हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेतून), घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळवल्याचे जाहीर केले, तेव्हा वीज आता जवळजवळ फुकट होणार अशा थाटाचे संदेश सगळीकडे फिरले. पुढे २०२५ च्या आरंभी चीनच्या ‘ईस्ट’ या संमीलनयंत्राने अतितप्त वायू टिकवून धरण्याचा १,०६६ सेकंदांचा आणि लगोलग फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्राने १,३३७ सेकंदांचा विक्रम केल्याचे वाचनात आले. मुख्य लढाई आधीच जिंकली असेल, तर नंतर सेकंद कशासाठी मोजत आहेत? की पहिली बातमीच फुगवलेली होती?

कंपासपेटी यांचा प्रतिसाद

बातमी खोटी नव्हती. हिशेब नेमका कुठून कुठपर्यंत मांडला, एवढेच वाचकांपर्यंत पोहोचताना गळून पडले. त्या प्रयोगात १९२ लेझर झोतांनी मिरीच्या दाण्याएवढ्या इंधनाच्या गोळीपाशी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पोहोचवली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. मात्र ते झोत निर्माण करण्यासाठी यंत्रणेने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज ओढली होती. मीटरच्या भाषेत सांगायचे तर, सुमारे ८३ युनिट खर्चून जेमतेम पाऊण युनिटाहून थोडी अधिक उष्णता हाती आली, आणि तिची वीज करताना आणखी घट झाली असती ती वेगळीच. ही तफावत शास्त्रज्ञांनी लपवली नव्हती. ती यंत्रणा मुख्यतः अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी उभारलेली आहे आणि तिचे लेझरही जुन्या रचनेचे आहेत, त्यामुळे वीज वाचवणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. २०२५ मध्ये तिथेच ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल गेली, म्हणजे गोळीपुरती प्रगती मोठीच आहे. पण वीजकेंद्र चालवायचे तर असे स्फोट दर सेकंदाला अनेकदा घडवावे लागतील, आणि तिथे दिवसाला एक झाला तरी पुष्कळ.

निरभ्र यांचा प्रतिसाद

सेकंदांचे विक्रम निराळ्या शाळेतले आहेत. ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ ही टोकामॅक यंत्रे. त्यांत अतितप्त प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्राने भिंतींपासून दूर धरून ठेवला जातो. या विक्रमांत ट्रिटियम (संमीलनाचे इंधन असलेले हायड्रोजनचे जड रूप) वापरलेच नव्हते, त्यामुळे मोजण्याजोगी ऊर्जा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘वेस्ट’मध्ये सुमारे ५ कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा बावीस मिनिटांहून अधिक काळ टिकला, याचे महत्त्व भिंती आणि चुंबक इतका वेळ तग धरतात की नाही, हे कळण्यात आहे.

माझा खरा राग बातम्यांत या यंत्रांना दिल्या जाणाऱ्या ‘कृत्रिम सूर्य’ या नावावर आहे. २०२१ च्या अखेरीस चीनमध्ये झालेल्या एका रॉकेट उड्डाणाची चित्रफीत ‘चीनने आकाशात सूर्य सोडला’ म्हणून जगभर पसरली आणि असंख्य लोकांनी ती खरी मानली, कारण नावच तसे सुचवते. वास्तविक या यंत्रांत एका वेळी असणारा वायू अत्यल्प असतो आणि काही बिघडले तर प्लाझ्मा क्षणात विझतो. तिथे पेट घेऊन हाताबाहेर जाण्यासारखे काही नसते.

जिज्ञासू

म्हणजे दोन्ही वेळा आपण मूर्ख बनलो, असेच ना? ‘संमीलन नेहमीच तीस वर्षे दूर असते’ हा विनोद मग खरा मानावा का?

कंपासपेटी

तो विनोदही हुरळण्याइतकाच आळशी आहे. ब्रिटनमधील ‘जेट’ यंत्राने २०२३ मध्ये ड्युटेरियम (हायड्रोजनचेच दुसरे जड रूप) आणि ट्रिटियमच्या अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल मिळवले. त्यासाठी प्लाझ्मा तापवायला याहून जास्त ऊर्जा लागली हे खरे. पण इतक्या अल्प इंधनातून इतकी ऊर्जा निघते, हा केवळ कागदावरचा हिशेब उरला नाही. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’चे उद्दिष्ट ५० मेगावॅट तापनशक्तीच्या बदल्यात ५०० मेगावॅट संमीलनशक्ती मिळवण्याचे आहे. २०२४ मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार तिथे ट्रिटियमसह प्रयोग २०३९ च्या सुमारास सुरू होतील, आणि त्या यंत्राला वीज बनवणारी जनित्रे जोडलेलीच नसतील.