पणजोबा 'वाईकर' कधी झाले? मूळ आडनाव व गाव कसे शोधावे?

परळवासी : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वाई भागातून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (विणाई विभागात) लागले, एवढेच घरात ठाऊक आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'वाईकर' असे आडनाव आहे. मात्र आत्याच्या सांगण्यानुसार गावाकडचे भाऊबंद 'पिसाळ' लावत आणि पणजोबा रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनच्या बगाडासाठी, म्हणजे तिथल्या भैरवनाथाच्या यात्रेसाठी, न चुकता जात. शोध कोठून सुरू करावा?

कृष्णाकाठ : आडनावाचा विचार तूर्त बाजूला ठेवून गाव निश्चित करावे. मुंबईत गाव विचारल्यावर आसपासच्या खेड्यातला माणूसही 'वाई' असेच सांगत असे, त्यामुळे 'वाईकर' म्हणजे वाई शहरातलाच, असे धरून चालू नये. बगाडाला पंचक्रोशी लोटते, तेव्हा नुसत्या जाण्याने काही सिद्ध होत नाही; परंतु भैरवनाथाच्या यात्रेत आपल्या घराण्याकडे एखादा मान होता का, हे आत्यांना अवश्य विचारावे, कारण मान गावच्या भावकीकडेच असतो.

जुने दफ्तर : बावधनचा संशय पक्का वाटल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावचा गाव नमुना १४, म्हणजेच जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक पाहण्यासाठी अर्ज करावा. तेथे 'पिसाळ' शोधत बसलात तर निराशा होण्याचा संभव आहे, कारण जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसून 'रामा बिन गोविंदा' असे नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच आढळते. म्हणून पणजोबांच्या वडिलांचे नाव आधी मिळवावे. जमीन असल्यास वारसाचे फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याच्या नोंदी, सर्वांत उपयोगी ठरतात. बाप वारल्यावर सगळ्या मुलांची नावे एकाच नोंदीत येतात आणि परगावी राहणाऱ्या भावाचाही त्यात पत्ता लागतो. बरेच कागद मोडी लिपीत असल्याने जाणकार सोबत असलेला बरा.

गोदातीर : घरातले कोणी अस्थिविसर्जनासाठी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेले असल्यास तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. उपाध्याय गाव, जात आणि आडनाव विचारून वही काढतात, तेव्हा 'पिसाळ' व 'वाईकर' ही दोन्ही नावे सांगावीत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पिसाळ म्हटले की वाईच्या देशमुखांचे घराणे आणि पाठोपाठ सूर्याजी पिसाळ यांचा विषय निघतोच, आणि हौशी मंडळी लगेच वंशावळ तिथे नेऊन जोडतात. प्रत्येक पिसाळ देशमुखांच्या वाड्यातला नसतो. मधली एकेक पिढी कागदावर सापडल्याशिवाय वरची फांदी जोडू नये.